माणशी किती? (प्रस्तावना)

१९९१ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या कामासाठी मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावी होतो. शिक्षकांना प्रगणक नेमतात, तसं मलाही नेमलं होतं. काखेत तक्त्यांचा गठ्ठा, दारांवर गेरूनं घातलेले घरक्रमांक, आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी तोच प्रश्न : घरात माणसं किती? अर्धंअधिक गाव कुलपात होतं. मुकादमाची उचल घेऊन जोड्या दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेल्या. एका ओसरीवर एक म्हातारा नातवाला घेऊन बसला होता. प्रश्न ऐकून तो म्हणाला, "आता दोन. पाडव्याला सात."

नियम स्पष्ट होता. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, त्याला घरी मोजायचं नाही; जिथं असेल तिथं मोजायचं. मी दोन लिहिले आणि पुढच्या दाराकडे वळलो. त्या घरातली उरलेली पाच माणसं कुठल्याशा कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत मोजली गेली असतील, किंवा नसतीलही. ती गेली होती कारण गावात रब्बीला पाणी नव्हतं. आणि तोडत होती ते पीक महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाणी पिणारं.

लोकसंख्या आणि निसर्गाची साधनं या विषयावरच्या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो हा म्हातारा. शाळेत हा विषय आपण भागाकाराच्या गणितासारखा शिकलो. वर भाज्य : जमीन, पाणी, जंगल. खाली भाजक : माणसं. भाजक वाढला की भागाकार घटणार, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. पण भाज्य किती हे कोण ठरवतं, भाजकात कोणाला धरतात, कोणाला गाळतात, आणि बाकी कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न त्या पाठात नव्हते. या विषयाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास हा खरं तर याच प्रश्नांवरच्या भांडणाचा इतिहास आहे.

*

या भांडणाच्या दोन बाजू आपल्या म्हणींत आधीपासून बसलेल्या आहेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही एक. ज्यानं चोच दिली तो चाराही देईल, ही दुसरी.

पहिल्या म्हणीला शास्त्राचं रूप दिलं थॉमस रॉबर्ट माल्थस या इंग्रज पाद्र्यानं. १७९८ मध्ये त्यानं आपला लोकसंख्येवरचा निबंध निनावी छापला. माणसं दुपटी-चौपटीनं वाढतात, अन्न मात्र बेरजेनं वाढतं; म्हणून भूक, रोग आणि लढाया मधे येऊन हिशेब जुळवतात, असं त्याचं म्हणणं. पुढच्या आवृत्तीत त्यानं उशिरा लग्न आणि संयम यांचा मार्गही सांगितला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पहिला, कठोर माल्थस. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता. हिंदुस्थानात कलेक्टरी करायला येणारी पोरं त्या वर्गातून बाहेर पडत होती.

त्या शिकवणीचा पडसाद १८७६-७८ च्या दुष्काळात ऐकू येतो. दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात माणसं लाखांनी मरत होती, दुष्काळी कामांवरची मजुरी कापली जात होती, बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. आणि व्हाइसरॉय लिटन सांगत होता, की इथली माणसं जमिनीतल्या अन्नापेक्षा वेगानं वाढतात. पुण्याची सार्वजनिक सभा त्याच काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे वेगळं चित्र ठेवत होती. दादाभाई नौरोजींनी तर हा अतिलोकसंख्येचा युक्तिवादच उलटवला : देशाची संपत्ती बाहेर वाहून जात असेल, तर उरलेल्या माणसांना 'जास्त' कसं म्हणायचं?

याच सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी जे नोंदवलं आहे, ते आजच्या वाचकाला चकित करतं. शेतकऱ्यांची संख्या वाढली, त्यामुळे जमीन आलटून पालटून पड टाकण्याची सोय उरली नाही, आणि तिचा कस गेला, हे ते सांगतात. म्हणजे संख्येचा ताण त्यांना दिसत होता. पण त्याच दमात ते जंगलखात्यानं गायरानं आणि डोंगर गिळले, गुरांना चरायला जागा राहिली नाही, हेही सांगतात. आणि उपाय म्हणून ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी शेतातच मुरवा, असं सुचवतात. भाजक, भाज्य आणि वाटणी हे तिन्ही एकाच नजरेत धरणारा हा मराठीतला बहुधा पहिला मजकूर. पुढच्या शंभर वर्षांत विद्वानांनी या तीन गोष्टी एकेक करून वेगळ्या केल्या.

*

दुसऱ्या म्हणीच्या बाजूला एस्टर बोसरप ही डॅनिश अर्थशास्त्रज्ञ उभी राहिली. १९६५ च्या आपल्या पुस्तकात तिनं माल्थसची गाडी उलट जुंपली. अन्नावर माणसांची संख्या ठरत नाही; माणसं वाढली की ती शेतीची रीत बदलतात. पड जमीन कमी होते, नांगरट वाढते, खत येतं, सिंचन येतं, वर्षाला एकाऐवजी दोन पिकं येतात. दाटी हीच सुधारणेची आई. आपल्याकडे त्याच दशकात बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, आणि उपासमारीची भाकितं करणाऱ्यांची तोंडं काही काळ बंद झाली.

पण त्या बियाण्याला पाणी लागत होतं. हरितक्रांतीचं धान्य मोठ्या प्रमाणात जमिनीखालून उपसलेल्या पाण्यावर उभं राहिलं. आज जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलाचा साधारण चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो, आणि त्यातले दहा हिश्शांपैकी जवळजवळ नऊ हिस्से शेतीला जातात. दाटीनं सुधारणा येते हे बोसरपचं म्हणणं खरं ठरलं. पण ती सुधारणा मुदलावर चालली आहे की व्याजावर, हे विचारायचं राहून गेलं.

१९६८ हे या विषयातलं गाजलेलं वर्ष. त्या वर्षी पॉल एर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' आलं. त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्रीच्या टॅक्सीप्रवासानं होते. काचेबाहेर माणसंच माणसं, आणि आत बसलेला घाबरलेला पाहुणा. त्याच वर्षी गॅरेट हार्डिननं एका काल्पनिक कुरणाची गोष्ट सांगितली : कुरण सगळ्यांचं, गुरं मात्र ज्याची त्याची, मग प्रत्येक जण आणखी एक गुरू सोडणार आणि कुरण उजाड होणार. चार वर्षांनी एमआयटीतल्या तरुणांनी संगणकावर जगाचं प्रतिरूप मांडून 'लिमिट्स टू ग्रोथ' लिहिलं. लोकसंख्या, अन्न, कारखाने, प्रदूषण आणि खनिजं हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे आणि वाढ अशीच चालली तर एकविसाव्या शतकात ती कोसळेल, असा त्याचा इशारा होता.

एर्लिकला उत्तर द्यायला ज्युलियन सायमन हा अर्थशास्त्रज्ञ पुढे आला. माणूस हेच सगळ्यात मोठं साधन, हा त्याचा दावा. दोघांनी १९८० मध्ये पैज लावली. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंचे भाव महागाई वजा करून दहा वर्षांत चढतील की उतरतील? भाव उतरले आणि १९९० मध्ये एर्लिकनं मुकाट्यानं धनादेश पाठवला. दुसरं दशक निवडलं असतं तर निकाल फिरू शकला असता, हे खरं. पण त्या पैजेचा खरा धडा वेगळा आहे. तांब्याला बाजारभाव आहे. ते दुर्मीळ झालं की महाग होतं, लोक काटकसर करतात, पर्याय शोधतात. बोअरमधल्या पाण्याला असा भाव नाही. ते संपत आल्याची बातमी बाजार देत नाही. एके दिवशी मोटार नुसती हवा ओढू लागते तेव्हाच ती कळते. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बसाल्टच्या कातळावर आहे. पाणी असतं ते वरच्या मुरुमात आणि भेगांत. जुन्या विहिरी तेवढ्यावरच चालत. बोअर शेकडो फूट खाली गेल्या आणि पिढ्यान् पिढ्या मुरलेलं पाणी काही हंगामांत वर आलं. यावर पैज लावायला कोणी सायमन आला नाही.

*

संख्या वाढली कशी, हेही नवख्या वाचकानं समजून घ्यायला हवं, कारण इथं गैरसमज फार आहेत. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ ची. सगळ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढली तर नाहीच, किंचित घटली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं कोटीहून अधिक माणसं नेली. म्हणूनच अभ्यासक १९२१ ला मोठी दुभंगरेषा मानतात. त्यानंतर संख्या वाढली ती जन्म वाढले म्हणून नव्हे, मरण कमी झालं म्हणून. देवी, प्लेग, पटकी, हिवताप मागे हटले. १९५१ मध्ये जन्मणाऱ्या भारतीयाचं सरासरी आयुष्य बत्तिशीच्या आसपास होतं. आज ते सत्तरीला टेकलं आहे. ३६ कोटींचे २०११ पर्यंत १२१ कोटी झाले. महाराष्ट्र १९६१ मध्ये चार कोटींच्या आत होता. पन्नास वर्षांत सव्वाअकरा कोटींवर गेला. लोकसंख्यावाढ हा मुळात आजोबा-आजी जगल्याचा हिशेब आहे, हे विसरून तिला नुसतं संकट म्हणणं कृतघ्नपणाचं ठरेल.

मरण आधी कमी झालं, जन्म मागाहून. हा मधला काळ कसा ओलांडायचा यावर मराठी समाजात फार लवकर आणि फार मूलभूत चर्चा झाली. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये, म्हणजे मेरी स्टोप्सनं लंडनमध्ये काढलं त्याच वर्षी. त्यापायी प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले झेलले, आणि त्यातल्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. बाबासाहेबांच्याच पुढाकारानं १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. कर्वे आणि बाबासाहेब या दोघांच्या विचारात देशाच्या धान्यकोठाराचा प्रश्न होताच, पण केंद्रस्थानी होती बाई : तिचं शरीर, तिचं आरोग्य, तिची मर्जी.

पुढे सरकारनं हा विषय हाती घेतला आणि हे केंद्र हरवलं. १९५२ मध्ये भारतानं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जगातला हा पहिला. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची पाहणी केली; १९५६ मध्ये मुंबईला देवनारची लोकसंख्या-अभ्यास संस्था उभी राहिली. अभ्यास वाढला तसा लक्ष्यांचा रेटाही वाढला. पंजाबातल्या एका गाजलेल्या कुटुंबनियोजन प्रयोगाच्या गावी जाऊन महमूद ममदानीनं १९७२ मध्ये दाखवलं, की शेतकऱ्यांनी संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्या, पण मुलं होऊ दिली; कारण कष्ट करायला आणि म्हातारपणी सांभाळायला मुलांखेरीज दुसरं कोणी नव्हतं. १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत डॉ. करणसिंगांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचं सांगितलं, आणि दोनच वर्षांनी आणीबाणीत आपण नेमकं उलट केलं. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्र होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही, एवढंच. मराठी वाचकानं हे विसरू नये. कर्व्यांच्या राज्यात हे घडलं.

*

तिसरी विचारधारा वाटणीवर बोट ठेवते. बळी तो कान पिळी, हे तिचं सूत्र म्हणता येईल. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब मांडून दाखवलं, की माणसं धान्य नाही म्हणून मरत नाहीत. धान्य मिळवण्याची ऐपत किंवा हक्क नाही म्हणून मरतात. त्याआधीच महाराष्ट्रानं याचं उलट टोक दाखवलं होतं. १९७२ च्या दुष्काळात पिकं बुडाली, पण १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर खडी फोडत, बांध घालत होती. मजुरी मिळत होती, पोरांना सुकडी मिळत होती. हाल झाले, पण १८७७ सारखं मरण आलं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पुढे कायदा झाला. भाजक तोच, भाज्य उलट घटलेलं. बदलला होता तो वाटणीचा नियम.

चौथी धारा म्हणते, गाव करी ते राव न करी. हार्डिनचं कुरण काल्पनिक होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी खरी कुरणं, खरे पाट, खऱ्या मासेमारीच्या जागा तपासल्या आणि १९९० मध्ये दाखवलं, की लोक नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पाहत हिंडत होते. कुऱ्हाड न लावण्याचा नियम गावांनी पिढ्यान् पिढ्या कसा पाळला, याची नोंद त्यांनी केली.

याच धारेत पुरंदर तालुक्यातलं नायगाव बसतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्यानं तिथं पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम एका ओळीचा होता : पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, मग घराची जमीन पन्नास एकर असो की पाच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर, म्हणजे पाच माणसांपुरतंच.

हा शेवटचा नियम वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. वाटणीच्या बाजूनं इतकं ठाम उभं राहिलेल्या माणसानंही भाजकाला मर्यादा घातली होती. नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची पंचसूत्री पाहा : नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. विद्यापीठांत जे चार पंथ एकमेकांशी बोलत नाहीत, ते गावाच्या भिंतीवर एकाखाली एक लिहिलेले आहेत. फुल्यांनी एका नजरेत धरलेलं चित्र ग्रामसभेनं पुन्हा एकत्र आणलं. मात्र हे करताना नसबंदी बहुतेक वेळा बाईनंच करून घेतली, हेही त्याच भिंतीमागचं सत्य आहे.

*

मग आजच हा संग्रह कशासाठी? कारण भागाकाराचं जुनं गणित आता आपल्या डोळ्यांदेखत तुटतं आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात एका बाईला सरासरी दोन मुलं होतात. बिहारमध्ये तीन, महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३. लोकसंख्या पिढ्यान् पिढ्या तेवढीच राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे महाराष्ट्र भरपाईच्या खाली गेला आहे. जगानं २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटींचा टप्पा ओलांडला, २०२३ मध्ये भारतानं चीनला मागे टाकलं, हे खरं. पण या शतकाच्या उत्तरार्धात जगाची लोकसंख्या हजार कोटींच्या थोडी वर जाऊन उतरू लागेल, असं संयुक्त राष्ट्रांचंच अनुमान आहे. बॉम्बची वात विझत चालली आहे.

पाण्याचं मात्र तसं नाही. देशात वर्षाला उपलब्ध होणारं पाणी केंद्रीय जल आयोग बरीच वर्षं १,८६९ अब्ज घनमीटर धरत असे. माणशी भागलं की १९५१ मध्ये ५,१७७ घनमीटर येतं आणि २०११ मध्ये १,५४५. मालिन फाल्कनमार्क या स्वीडिश जलतज्ज्ञ बाईंनी १,७०० ला ताणाची रेषा आखली होती. ती आपण ओलांडली. भाषणांतून हा आकडा सतत ऐकू येतो, आणि गणित म्हणून तो चुकीचा नाही. पण त्या सरासरीत ब्रह्मपुत्रेचा पूर आहे आणि मांजरेचं कोरडं पात्रही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर धावून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच मराठवाड्यात उसाचे कारखाने उभे होते. लागवडीखालच्या क्षेत्रात चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यातला दोन-तृतीयांशाच्या घरात वाटा घेतो, हे शासकीय अहवालांतच वारंवार आलेलं आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी जातं. ती धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या तिन्ही ठिकाणी माणसं किती हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

जगाच्या पातळीवरही हेच. सरासरी भारतीय वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, सरासरी अमेरिकी त्याच्या सातपट. डोक्यांची बेरीज करून हवामानाचा हिशेब लागत नाही.

तरीही संख्येला काही अर्थच नाही, असं म्हणणारा हा संग्रह नाही. दाट वस्तीच्या शहरातलं मैलापाणी, चार भावांत वाटली गेलेली दोन एकर कोरडवाहू जमीन, गायरानावर आलेली घरकुलं, हे ताण खरे आहेत आणि ते माणसांच्या संख्येतूनच येतात. आमचं म्हणणं इतकंच, की संख्या कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर एक नियम येतो : कोणाला मोजायचं, कशासाठी मोजायचं, आणि मोजल्यावर काय द्यायचं. तो नियम उघड करून वाचकापुढे ठेवणं, हा या पुस्तकाचा प्रयत्न.

यात लोकसंख्याशास्त्रज्ञ आहेत, भूजलाचे अभ्यासक आहेत, आरोग्यसेविकांबरोबर काम केलेल्या बायका आहेत, शेतकरी आहेत. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, आणि ते जमवून घ्यावं असा आग्रह संपादकांनी धरलेला नाही. कोणी माल्थसच्या बाजूनं झुकलेला आहे, कोणी सेनच्या. आम्ही एवढंच ठरवलं, की प्रत्येकानं पाण्यापाशी यायचं. हवामान, खनिजं, जंगल हे सगळं ओघानं येतं, पण मराठी वाचकाला हा विषय हंड्यापासून कळतो. जगभराचा आढावा घेणारा हा ग्रंथ नाही. समुद्र, मासे आणि शहरांतला कचरा यांना इथं फारशी जागा मिळालेली नाही, ही उणीव आहे. आणखी एक अडचण साऱ्याच लेखकांपुढे होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून इथले बरेच आकडे २०११ वर उभे आहेत. माणसं किती याच्या उत्तरावर धोरणं ठरवणाऱ्या देशाकडे त्या प्रश्नाचं ताजं उत्तर नसावं, यातही काही सांगण्यासारखं आहे.

वाचताना एक सवय लावून घ्यावी, असं सुचवतो. 'माणशी' हा शब्द दिसला, की थांबावं. माणशी किती घनमीटर, माणशी किती एकर, माणशी किती लिटर. त्या शब्दात कोण बसलं आहे आणि कोण बाहेर उभं आहे, हे पाहावं.

मला तरी त्या शब्दापाशी बालाघाटातली ती ओसरी दिसते. तिथं माणसं किती होती, याचं उत्तर मी तेव्हा दोन असं लिहिलं. सरकारी नियमानं ते बरोबर होतं. म्हाताऱ्याच्या लेखी ती सात होती. नायगावच्या पाणी पंचायतीनं पाच धरली असती, आणि त्या पाचांना अडीच एकराचं पाणी दिलं असतं. मग कदाचित फेब्रुवारीत घर असं रिकामं झालं नसतं, आणि ओसरीवर नातवाजवळ त्याचे आईबापही असते. तीन आकडे, तीन नियम, घर एकच. त्यांतला खरा कुठला, याचं उत्तर या पुस्तकात नाही. प्रत्येक आकड्यामागे त्या घराच्या वाट्याला किती पाणी येतं, ते मात्र आहे.